परदेशातल्या छावणीत शेवटचा शब्द कोणाचा

धुळ्याचा एक पोरगा डिफेन्स स्टडीजमध्ये एमए करतोय, त्याला सेमिनारसाठी विषय मिळालाय की उद्या भारताला एखाद्या मित्रदेशाच्या बेटावर कायमची छावणी ठेवायची झाली, हजारेक माणसं, एक धावपट्टी, एक जेट्टी, तर कमांडची रचना कशी आखायची. उत्तर पण त्याने स्वतःच देऊन टाकलंय, "एक ब्रिगेडियर नेमायचा, तिन्ही दलं त्याच्या हाताखाली द्यायची, तो डायरेक्ट दिल्लीला रिपोर्ट करेल, झालं ना काका?"

अर्धं झालं भाऊ. चौकटी आणि रेघा काढायला पाच मिनिटं पुरतात, त्या रेघेवरून काय जातं आणि काय जात नाही हे लिहायला महिने लागतात, आणि तिथेच सगळे कंटाळा करतात. मी सैन्यातल्या नोकरीतली बरीच वर्षं स्टाफवर, म्हणजे हेडक्वार्टरच्या कागदी कामात काढली, काही देशाबाहेर, आणि असला प्लॅन हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधायचो, यात "नाही" म्हणायचा हक्क कोणाला दिलाय आणि कशाबद्दल. हुकूम द्यायचा हक्क सगळेच लिहितात, एका ओळीत होतो तो. नकाराचा हक्क लिहिलेला नसला की जो तो आपापला घेऊन टाकतो, आणि तो पण ऐन वेळी, गोळीबार सुरू झाल्यावर.

आता बेसिक. कोणताही देश आपल्या सैनिकाची पूर्ण कमांड दुसऱ्याला देत नाही, यूएनला पण नाही, आणि मला विचारशील तर आपल्याच दुसऱ्या दलाला पण मनापासून देत नाही. देतात ते ऑपरेशनल कंट्रोल, आम्ही ऑपकॉन म्हणतो. भुसावळला रेल्वेत तुझं कोणी नात्यातलं असेलच, खान्देशात कोणाचं नसतं, त्याला विचार. नागपूर डिव्हिजनचा लोको पायलट गाडी घेऊन भुसावळच्या हद्दीत शिरला की गाडी कुठे उभी करायची, कुठे बाजूच्या लूप लाइनला टाकायची, मागच्या कोणाला पुढे काढायचं हे भुसावळचा सेक्शन कंट्रोलर ठरवतो आणि पायलट ते ऐकतो. पण त्याची रजा, पगार, प्रमोशन, चार्जशीट सगळं नागपूरला. आणि ड्यूटीचे तास भरत आले की तो त्याच कंट्रोलरला सांगू शकतो, साहेब रिलीफ द्या, ते पण नियमात बसवलेलं आहे, भांडण नाही काही नाही. ऑपकॉन हेच आहे, आणि त्यातला तो रिलीफवाला भाग म्हणजे मी ज्याला नकार म्हणतोय तो.

मग तुझ्या बेटाच्या प्लॅनमध्ये पहिल्याच पानावर हे यायला पाहिजे की छावणीप्रमुख मिळालेल्या तुकडीला कामाला लावू शकतो, तिची जागा बदलू शकतो, गस्त ठरवू शकतो. आणि काय नाही करू शकत, कंपनी फोडून प्लाटून दुसऱ्याला नाही देऊ शकत, ठरल्या हद्दीबाहेर नाही पाठवू शकत, यजमान देशाच्या पोलिसांसोबत दंगल आवरायला नाही उतरवू शकत, घरी म्हणजे दिल्लीला विचारल्याशिवाय. इथपर्यंत सगळे लिहितात. पुढची ओळ कोणीच लिहीत नाही, की विचारल्यावर घरून उत्तर किती तासांत येणार आणि नाही आलं तर होकार धरायचा की नकार. ही एक ओळ घातलीस ना, तर तुझा पेपर वर्गात सगळ्यात पुढे राहील, लिहून घे.

सोमालियात १९९३ ला काय झालं बघ. मोगादिशूत यूएनचं सैन्य होतं, त्याचा डेप्युटी कमांडर अमेरिकन जनरल होता, तोच तिथल्या अमेरिकन फौजेचा पण कमांडर, म्हणजे कागदावर एकदम झकास. पण ३ ऑक्टोबरला टास्क फोर्स रेंजर नावाची जी खास अमेरिकन कमांडो तुकडी शहरात घुसली ती त्याच्या हाताखाली नव्हतीच, तिची साखळी वेगळी, थेट अमेरिकेत. दुपारनंतर हेलिकॉप्टर पडली, अडकलेल्यांना काढायला चिलखती गाड्या लागणार होत्या आणि त्या होत्या मलेशियाच्या, रणगाडे पाकिस्तानचे, आणि त्यांना या कामाची आधी कल्पनाच नव्हती. सगळं जमवून काफिला निघेपर्यंत रात्रीचे ११ वाजून गेले. १८ अमेरिकन गेले त्या लढाईत. शौर्य कुठे कमी नव्हतं, पण ज्याच्याकडे गाड्या त्याला माहिती नाही आणि ज्याला माहिती त्याच्याकडे गाड्या नाहीत अशी वाटणी कोणीतरी ऑफिसात बसून केलेली होती.

आपलं उदाहरण मात्र श्रीलंकेचं, आणि ते नीट वाच कारण त्याचा एक धागा पुण्यातून जातो. २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला, दुसऱ्या दिवसापासून आपली ५४ इन्फंट्री डिव्हिजन जाफन्यात उतरायला लागली. ओव्हरऑल फोर्स कमांडर लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग, म्हणजे सदर्न कमांडचे प्रमुख, हेडक्वार्टर पुण्याला, पुढचं ऑफिस मद्रासला, डिव्हिजन समुद्रापलीकडे जाफन्याजवळ पलालीला. त्यात कोलंबोत आपले हायकमिशनर दीक्षित, त्यांचं वजन खूप, त्यांची दिल्लीला वेगळी लाइन. आपल्या गुप्तचर संस्थेची एलटीटीईशी, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोरांशी जुनी ओळख, ती तिसरी लाइन. नौदल आणि हवाई दल ओव्हरऑल कमांडरच्या हाताखाली घट्ट बांधलेलं नव्हतं, बरंचसं समन्वयावर चालायचं, आणि समन्वय म्हणजे दोघांचं जमतंय तोवर चालणारी गोष्ट.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने एलटीटीईची एक बोट पकडली, १७ जण, त्यात कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे मोठे कमांडर. त्यांना पलालीच्या विमानतळावर आणून ठेवलं. आता चित्र डोळ्यासमोर आण, कैद्यांभोवती श्रीलंकेचे जवान, त्या जवानांभोवती आपले जवान, आणि कोलंबो म्हणतंय यांना चौकशीला इकडे पाठवा. कैदी कोणाचे? करारात शस्त्रं खाली ठेवायची तारीख होती, माफीचं कलम होतं, पण या माणसांना कोणी कोणाच्या ताब्यात द्यायचं आणि ते थांबवायचा हक्क जागेवरच्या जनरलला आहे का, याचं स्पष्ट उत्तर नव्हतं. निरोप दिल्ली, कोलंबो, मद्रास असे फिरत राहिले. शेवटी आपला गराडा बाजूला घ्यायचा हुकूम आला, ५ ऑक्टोबरला त्यांना विमानात घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी सायनाइड खाल्लं, बहुतेक मेले. आठवड्याभरात आपण एलटीटीईशी लढाईत होतो, ऑपरेशन पवन. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परत आली तोवर आपले अकराशेच्या वर जवान गेले होते. मी असं म्हणत नाही की कमांडचा कागद बरोबर असता तर युद्ध टळलं असतं, एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन, त्याला ते हवंच होतं बहुतेक. पण अडीच महिन्यांत युद्धात ओढले गेलो ते एका अशा प्रश्नावर ज्याचं उत्तर लिहून ठेवता आलं असतं.

म्हणून पकडलेल्या माणसाचं काय करायचं यावर प्लॅनमध्ये एक पूर्ण परिशिष्ट पाहिजे. पकडणार कोण, किती तास ठेवणार, कोणाला देणार, आणि देऊ नको म्हणायचा हक्क कोणाला. छावणी शांत बेटावर असली तरी. रात्री कुंपणावरून उडी मारून आत आलेला स्थानिक पोरगा हा पण पकडलेला माणूसच असतो आणि सकाळी त्याचा बाप, पाद्री, पोलिस आणि पत्रकार चौघं गेटवर येतात.

आता राजदूत आणि कमांडर. यावर दोन मतं आहेत, एकाच माणसाला दोन्ही टोप्या घाला किंवा दोन माणसं ठेवा आणि हद्द आखा. सायप्रसमध्ये ब्रिटिशांचे अक्रोटिरी आणि धेकेलिया हे तळ १९६० पासून आहेत, ती जमीनच ब्रिटिश सार्वभौम, त्यामुळे तिथला फोर्सेस कमांडर हाच प्रशासक पण असतो. ब्रिटिशांच्याच फॉकलंड बेटांवर उलट, स्टॅनलीला गव्हर्नर वेगळा, माउंट प्लेझंटला कमांडर वेगळा, आणि त्याच्या हाताखाली नौदलाचं गस्तीचं जहाज, हवाई दलाची विमानं, पायदळाची कंपनी, त्याचं वरचं हेडक्वार्टर लंडनजवळ नॉर्थवूडला, एकच. तीन दलांच्या छोट्या छावणीसाठी हे मॉडेल मला सगळ्यात जास्त पटतं.

दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर घातल्याचं जुनं उदाहरण आपल्या मातीतून गेलेलं आहे. जेम्स आउट्रम, कंपनी सरकारचा इंग्रज अधिकारी, १८२५ ला खान्देशात भिल्ल कोअर उभी केली तो, धरणगाववाला. तोच पुढे १८५७ च्या सुरुवातीला मुंबईहून इराणवरच्या मोहिमेचा प्रमुख होऊन बुशायरला गेला आणि त्याला लष्करी कमांडसोबत राजनैतिक अधिकार पण दिलेले होते. फेब्रुवारीत खुशाबची लढाई, मार्चअखेर मोहम्मराह घेतलं, खटाखट. तेव्हा तार इराणपर्यंत नव्हती, विचारायला बोट पाठवून उत्तर यायला आठवडे लागायचे, म्हणून जागेवरच्या माणसाला दोन्ही अधिकार देणं शहाणपणाचं होतं. आज मित्रदेशाच्या बेटावर ते करू नको. तिथे आपली जमीन नाही, आपण भाड्याने किंवा पाहुणे म्हणून आहोत, आणि वर्दीतला माणूस परराष्ट्र मंत्र्याला भेटायला लागला की तिथला विरोधी पक्ष दुसऱ्या दिवशी फोटो छापतो. राजदूत देशाशी बोलणार, कमांडर त्यांच्या सैन्याशी बोलणार, आणि राजदूताला एका गोष्टीवर नकाराधिकार, तो म्हणजे तळाच्या बाहेर शस्त्र घेऊन कुठलीही हालचाल. तळाच्या आत राजदूताचं काही चालणार नाही. आणि डिफेन्स अ‍ॅटॅशे, म्हणजे दूतावासातला लष्करी अधिकारी, या दोघांच्या मधला पोस्टमन होता कामा नये, त्याला राजदूताच्याच ऑफिसात ठेव.

शिस्तीचा मुद्दा तुझ्या उत्तरात नव्हताच, आणि ब्रिगेडियरच्या हाताखाली तिन्ही दलं दिली की झालं असं वाटण्याचं कारण पण तेच. २००१ ला अंदमान निकोबार कमांड झाली, तिन्ही दलं एका कमांडरखाली. पण नौदलाच्या माणसावर आर्मीचा कमांडर शिक्षेची कारवाई करू शकायचा का? नाही, तिन्हींचे कायदे वेगळे, माणूस त्याच्या मूळ युनिटकडे पाठवायचा आणि तिथे त्याची फाइल सुरू. ही अडचण सोडवणारा इंटर-सर्व्हिसेस ऑर्गनायझेशन्सचा कायदा आला २०२३ ला, लागू झाला १० मे २०२४ पासून. म्हणजे तुझी छावणी आधी या कायद्याखाली संयुक्त संस्था म्हणून अधिसूचित करून घ्यावी लागेल, नाहीतर तुझा ब्रिगेडियर हवाई दलाच्या कॉर्पोरलला फार तर रागावू शकेल. सोबत आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम ७० बघून घे, सिव्हिलियनचा खून किंवा बलात्कार असे गुन्हे एरवी कोर्ट मार्शलपुढे येत नाहीत, पण भारताबाहेर घडले तर येऊ शकतात. आणि यजमान देशाचं कोर्ट काय म्हणेल ते सोफा करारात असतं, म्हणजे परक्या भूमीवरच्या सैनिकांना कोणता कायदा लागू ते ठरवणारा दोन देशांमधला करार. नाटोने १९५१ ला घालून दिलेली वाटणी बहुतेक जण वापरतात, ड्यूटीवर असताना झालेलं किंवा आपल्याच माणसाविरुद्ध झालेलं असेल तर पहिला हक्क आपला, बाकी त्यांचा. मग रात्री बाजारात दारू पिऊन जीप ठोकली तर ड्यूटी होती की नव्हती याचं सर्टिफिकेट कोण देणार? कमांडर. ते सर्टिफिकेट यजमानांनी मानायचंच की त्यावर वाद घालू शकतात, हे ठरवूनच विमानात बस.

हा सगळा कायद्याचा भाग झाला, पण छावणीत खरी रोजची भांडणं होतात ती बिऱ्हाडकरूंवरून. तळ एकाचा आणि त्यावर राहायला आलेल्या तुकड्या भलत्याच, रडारवाले, सिग्नलवाले, आठ दिवसांसाठी आलेलं विमान, दुरुस्तीला थांबलेलं जहाज. प्रत्येकाचा साहेब भारतात. त्यांच्या कामात छावणीप्रमुखाने नाक खुपसायचं नाही, पण कुंपण, पहारा, गेट, आग, पाणी आणि अलार्म वाजल्यावर कोणी कुठे पळायचं यात सगळे त्याचेच, रँक काहीही असो. पाहुणा एअर कमोडोर असला तरी अलार्मला तो खंदकात बसणार आणि त्याचे संत्री छावणीच्या ड्यूटी ऑफिसरचं ऐकणार. हे लिहिताना दिल्लीत जाम भांडण होतं, होऊ दे, तिथे झालेलं परवडतं.

विमानातली सीट. हसू नको. मी एका परदेशी मिशनवर होतो तिथे आठवड्याला एक विमान यायचं, आणि सीटची यादी बनवायचं काम आमच्याकडे नव्हतं, मुख्य तळावरच्या मूव्हमेंट सेलकडे होतं, त्यात चार देशांचे लोक. एकदा आमच्या एका जवानाचं अपेंडिक्सचं निदान झालं, आमच्या डॉक्टरने नाव पाठवलं, आणि मध्यरात्री यादीची कॉपी आली त्यात त्याच्या नावावर लाल पेनाने रेघ आणि खाली कोणत्यातरी पाहणी पथकातल्या साहेबाचं नाव. रेघ मारणाऱ्याला पेशंट आहे हे माहितीच नव्हतं, यादीत नुसता नंबर, रँक, नाव, कारणाचा रकानाच नव्हता. आमचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, स्वतः धावपट्टीवर जाऊन उभा राहिला तेव्हा तो पोरगा गेला. त्यानंतर आम्ही एक नियम मंजूर करून घेतला, मेडिकलच्या सीटवर फक्त सीनियर डॉक्टर रेघ मारू शकतो, बाकी कोणी नाही, फोर्स कमांडर पण नाही. बघ, परत तेच, नकार कोणाचा.

वाहतूक हातात नसलेल्या कमांडरला कमांडर म्हणण्यात अर्थ नाही हे मराठी माणसाने तरी विसरू नये. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली ती सहावी पूना डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. मोहीम चालवणारं सिमल्याचं ब्रिटिश हिंदुस्थान सरकार, लंडनचं लक्ष दुसरीकडे, बगदादकडे पुढे जायचे हुकूम सुटले आणि नदीत बोटी पुरेशा नव्हत्या, ना रसदीला ना जखमींना. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३,००० माणसं कैदेत. लंडनच्या वॉर ऑफिसने सूत्रं हातात घेतली ती त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, वेढा पडून दोन महिने झाल्यावर.

अधिकार दिला तरी तो वापरायची सवय लागते, हे सिंगापूरने शिकवलं. १९४१ ला ब्रुक-पॉपहॅम हा ब्रिटिशांचा फार ईस्टचा, म्हणजे अतिपूर्वेचा कमांडर-इन-चीफ, नाव मोठं, पण नौदल त्याच्याखाली नाही, गव्हर्नर त्याच्याखाली नाही. जपानी उतरायच्या आधी सयामच्या (आताचं थायलंड) हद्दीत घुसून जागा धरायचा प्लॅन होता, मॅटाडोर, आणि त्याला लंडनची परवानगी लागायची. ५ डिसेंबरला लंडनने कळवलं की ठरावीक परिस्थितीत तूच ठरव. इतके महिने विचारून चालणारा माणूस तीन दिवसांत स्वतः ठरवणारा होतो का? नाही झाला, ८ तारखेला जपानी उतरले आणि मॅटाडोर रद्द. डिसेंबर संपायच्या आत त्याला बदललं, जानेवारीत सगळ्यांच्या वर जनरल वेव्हेलचं जावातलं नवीन हेडक्वार्टर बसवलं, १५ फेब्रुवारीला सिंगापूर गेलं. लढाई चालू असताना दोनदा वरची चौकट बदलली. हाँगकाँगला पण तसंच, कॅनडाच्या दोन पलटणी १६ नोव्हेंबरला पोचल्या, ब्रिगेडची मांडणी बदलली, आणि ८ डिसेंबरला हल्ला. एकमेकांचे आवाज ओळखायला पण वेळ मिळाला नाही, २५ डिसेंबरला सगळं संपलं.

त्यामुळे तुझ्या प्लॅनमध्ये कुमक आली तर काय, हे आत्ताच लिही. कुमकेसोबत मेजर जनरल आला तर कमांड आपोआप त्याची होते का? माझं मत, नाही, त्याने जागा बघून, लेखी सही करून घ्यायची, तोवर तो पाहुणा. आणि बदली होताना जुना आणि नवा काही दिवस एकत्र असणारच, त्या दिवसांत कमांड कोणाची ते तारीख आणि वेळ टाकून लिही. फॉकलंडमध्ये १९८२ ला अर्जेंटिनाचा हल्ला नेमका तिथल्या ब्रिटिश मरीन्सच्या तुकडीच्या अदलाबदलीच्या वेळी आला, दोन मेजर, जुना आणि नवा, दोघं बेटावर. नव्या मेजर नॉर्मनकडे चार्ज १ एप्रिलला आला, २ एप्रिलला पहाटे लढाई. घोळ झाला नाही कारण आदल्याच दिवशी चार्ज दिला-घेतला गेला होता. त्याच युद्धात ब्रिटिश जनरल मूर क्यूई-टू या प्रवासी जहाजातून येत होता आणि जहाजावरची यंत्रणा नीट नसल्याने त्याचा कोणाशी धड संपर्क नव्हता, म्हणजे भूदलाचा कमांडर आहे पण त्याला काही सांगता येत नाही अन् विचारता येत नाही. लिंक तुटली तर कोण, त्यानंतर कोण, त्यानंतर कोण, असं तीन नावांपर्यंत लिही. रँक आणि पद लिहू नको फक्त, त्या महिन्यात तिथे असणाऱ्या माणसाचं नाव लिही.

यजमानांचं राहिलं. त्यांचा नकार सगळ्यात वरचा. १९५३ ला कोरियात युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला आपली कस्टोडियन फोर्स गेली, त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, फोर्सचे कमांडर आपले मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे सिंगमन री म्हणाले भारतीय जवानाचा पाय माझ्या जमिनीला लागता कामा नये, आणि मग इंचॉनच्या समुद्रातून सगळ्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरमधून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. मालदीवचं तर तुझ्या डोळ्यासमोर झालंय, तिथलं सरकार बदललं आणि १० मे २०२४ पर्यंत आपले वर्दीवाले परत, हेलिकॉप्टर-डॉर्नियर चालवायला सिव्हिल टेक्निशियन. तर निघायचा प्लॅन पण कमांडच्या प्लॅनमध्येच घाल, कोणाच्या सहीने, कोणती उपकरणं सोडायची, कोणती नेणार, शेवटचं विमान कोणाचं.

पानांची मर्यादा असेल तर हाँगकाँग काप, कूत पण काप, पलाली आणि ती ठरल्या तासांत घरून उत्तर नाही आलं तर काय ही ओळ ठेव. चार्ट शेवटच्या पानावर टाक. आणि तुझ्या सरांनी विचारलं की ब्रिगेडियरच का, कर्नल का नाही, तर सांग की हजार माणसांना कर्नल पुरतो, पण यजमानांच्या सैन्याचा प्रमुख ज्या रँकचा असेल त्याच्याशी बरोबरीने बसणारा माणूस लागतो, छोट्या देशांत तो बहुतेक वेळा ब्रिगेडियर किंवा मेजर जनरल असतो. ड्राफ्ट झाला की पाठव, अमळनेरला आलास तर घरीच ये.